बाहेरची शेगडी

"झाकण लावा बरं पुन्हा," आमचे हे म्हणाले.

दुकानातल्या बाईंनी ग्रिलचं झाकण पुन्हा लावलं. ह्यांनी वाकून कडेची फट पाहिली, घडीचे पाय उघडून हलवून पाहिले, खाली चरबी गळून साठते तो पत्र्याचा खण बाहेर ओढला आणि परत सारला. मग ते ग्रिल दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं आणि तसेच दुकानात एक फेरी मारून आले. बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"बघू द्या त्यांना," मी म्हटलं. "लग्नाआधी मलासुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतं."

बाई हसल्या. हे हसले नाहीत. खरेदीच्या वेळी ते हसत नाहीत.

"वजन झेपण्यासारखं आहे," ते म्हणाले. "ट्रेलरमधल्या पलंगाखाली मावेल. पण हे गॅसचं दिसतंय."

"गॅसचंच आहे काका. ट्रेलर घेऊन फिरणारे बहुतेक हेच नेतात. तुमच्या ट्रेलरला बाहेरच्या बाजूला गॅसची तोटी आहे ना? मग नळी तिथेच बसते. वेगळा सिलिंडर न्यायची कटकट नाही."

"तोटी आहे."

"मग प्रश्नच मिटला!"

"कोळशाचं दाखवा," हे म्हणाले.

आमची लेक पलीकडे घडीच्या खुर्च्या बघत होती आणि नात प्रत्येक खुर्चीत बसून बघत होती. कोळशाचं नाव ऐकून लेक तिथूनच वळली. "कोळशाचं? बाबा, हे तुम्ही म्हणताय?"

तिला नवल वाटणं साहजिक होतं. आमच्या ह्यांनी उभा जन्म गॅस कंपनीत काढला. घरोघर जाऊन गळती तपासायची, जुन्या नळ्या बदलायच्या आणि निष्काळजी लोकांना चार शब्द सुनावायचे, हे त्यांचं काम. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. म्हणून कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरले की हे आधी गुडघ्यांवर बसायचे आणि फरशीपाशी नाक न्यायचे. घरातली पोरं खिदळायची, पण ह्यांना त्याचं काही नसायचं. कंपनीत त्यांना सगळे 'नाक' म्हणत. मोठे साहेबसुद्धा "नाकाला पाठवा" असंच सांगायचे. पुढे गळती दाखवणारी यंत्रं आली, ती ह्यांनी कमरेला लावली, पण भरवसा ठेवला नाही. "यंत्र बिघडलं तर ते कुणी सांगायचं?" असं त्यांचं म्हणणं.

घरात तर काय बोलायलाच नको. आमच्याकडे सिलिंडर जोडायचा तो ह्यांनीच. हे बाहेरगावी असताना गॅस संपला तर आम्ही मायलेकी ब्रेड खाऊन राहायचो, पण रेग्युलेटरला हात लावायची आमची छाती नव्हती. भरलेला सिलिंडर शेजारीच उभा असायचा. माझ्या बहिणीला हे कधी पटलं नाही. ती म्हणायची, "अगं, जगभरच्या बायका जोडतात." मी म्हणायचे, "जगभरच्या बायकांचे नवरे गॅस कंपनीत नसतात." आणि कोळसा, लाकूड, रॉकेल ह्या सगळ्यांना ह्यांच्या लेखी एकच नाव होतं: घाण.

तर असा माणूस आता भर दुकानात कोळशाचं ग्रिल मागत होता. लेकीला कारण माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ह्यांना वास येत नव्हता.

मागच्या थंडीत ह्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, खोकलाही गेला, पण वास काही परत आला नाही. ह्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. मला कळलं ते दुधावरून. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली येते तो जिन्यातच करपल्याचा वास. धावत आत गेले, तर पातेलं काळं पडलेलं आणि हे शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. "अरेच्चा, लक्षच नव्हतं माझं," म्हणाले. मी पातेलं घासत बसले आणि मनात म्हटलं, लक्ष नसेल, पण नाक तर जागेवर होतं ना? त्यानंतर एकदा सकाळी कॉफीचा डबा उघडून त्यात नाक घालून उभे असलेले दिसले. मला बघून डबा पटकन बंद केला आणि म्हणाले, "संपत आलीये वाटतं." डबा गळ्यापर्यंत भरलेला होता.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोकांचं कानावर पडलं तरी ते आपल्यापाशीच ठेवायचं, ही माझी जुनी सवय. तेव्हा हेही मी पोटात ठेवलं. जेवताना हे आमटीत, भाजीत, सगळ्यात वरून मीठ घेऊ लागले, तरी मी काही बोलले नाही.

मग खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचं ते प्रकरण झालं. त्या एकट्याच राहतात. एका संध्याकाळी वर आल्या आणि म्हणाल्या, "काका, जरा येऊन जाता का? मला उगाचच गॅसचा वास आल्यासारखा वाटतोय." हे लगेच उठले. मीही मागोमाग गेले. त्यांच्या दारातच मला भपकारा आला. हे नेहमीसारखे गुडघ्यांवर बसले, फरशीपाशी नाक नेलं, जरा वेळ थांबले आणि उठून म्हणाले, "काही नाही हो. मनाचे खेळ."

बाई तर निर्धास्त होऊन चहा ठेवायला निघाल्या होत्या. गप्प बसले तर बाईंच्या जिवावर बेतलं असतं, आणि बोलले तर ह्यांना परक्या माणसासमोर तोंडघशी पाडल्यासारखं झालं असतं. मी आधी "काय उकडतंय" म्हणत खिडकी उघडली, बाईंचा हात धरून त्यांना ओट्यापासून बाजूला घेतलं आणि म्हटलं, "अहो, साबणाचं पाणी लावून बघा ना. त्याशिवाय तुम्ही कुणाच्या घरातून कधी निघालात?" ह्यांनी वाटीत फेस केला आणि नळीच्या सांध्याला लावला. फेसातून फुगे यायला लागले. हे त्या फुग्यांकडे बघतच राहिले. मग सिलिंडर बंद केला, सगळी दारं उघडली, वर जाऊन नवी नळी आणली आणि बसवली. हात अगदी स्थिर होते, कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

बाईंनी ह्यांना डोक्यावर घेतलं. "काका होते म्हणून मी वाचले," असं त्या सगळ्या इमारतीला सांगत सुटल्या. जिन्यात दिसल्या की हात जोडायच्या. हे त्यांना चुकवायला लागले. त्या शाळेत निघून गेल्या की मगच खाली उतरायचे.

आणि नेमकं ह्याच काळात ट्रेलरचं काम पुरं होत आलं होतं. निवृत्त झाल्यावर मोटारीमागे जोडायचा ट्रेलर घ्यायचा आणि मनाला येईल तिथे मुक्काम करायचा, हे आमचं दोघांचं फार जुनं ठरलेलं. माझ्याइतकी ह्यांनाही त्याची ओढ होती. कुठल्या तळ्याकाठी, कुठल्या डोंगराखाली जायचं हे सगळं बोलून झालेलं. एक जुना ट्रेलर मिळाला. दोन पलंग, मिटवता येणारं टेबल आणि कपाटाएवढी न्हाणी. हे रोज सकाळी अंगणात त्याच्याखाली शिरायचे आणि काळे होऊन बाहेर यायचे. शिक्षिकाबाईंच्या घरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्रेलरच्या आतली गॅसची शेगडी उचकटून काढली आणि तिथे चमच्यांचा खण बसवला. "जागा अडवते," म्हणाले. "शिजवायचं ते बाहेर. उघड्यावर मजा असते."

म्हणून मग बाहेरचं ग्रिल घ्यायला आम्ही आलो होतो. आता जे काही शिजणार ते ह्याच्यावरच शिजणार होतं.

"बाबा, कोळसा पेटायलाच अर्धा तास जातो," लेक सांगत होती. "हात काळे होतात, राख उडते. आणि निघायच्या दिवशी ती गरम राख टाकायची कुठे? खिशात?"

"विजेवरचं आहे का?" ह्यांनी बाईंना विचारलं.

"आहे, पण ते जिथे मुक्कामाच्या जागी वीज मिळते तिथेच. आणि त्याच्याबरोबर किटली लावलीत की बटण पडलंच म्हणून समजा."

आम्हाला जायचं होतं त्यातल्या निम्म्या जागी वीज नव्हती. हे पुन्हा कोळशाच्या ग्रिलकडे वळले. गोल, काळं, तीन पायांवर उभं असलेलं बुटकं ग्रिल. "हेच घेऊ," म्हणाले. "गॅसवर भाजलेल्याला चव नसते."

चव म्हणे! वास गेल्यापासून ह्या माणसाला जेवणात खारट आणि गोड ह्यापलीकडे काही कळत नव्हतं. मला हसावं की रडावं समजेना. मी नातीच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसले.

लेकीने शेवटी हात टेकले. कोळशाचं ग्रिल घरी आलं.

पहिल्या मुक्कामाला आम्ही चौघं तळ्याकाठच्या एका मैदानात गेलो. ह्यांनी ट्रेलर सरळ रेषेत उभा केला, चाकांना ठोकळे लावले आणि पाणसळ ठेवून तो पुढे-मागे सपाट केला. शेजारच्या ट्रेलरमधला गृहस्थ चहाचा कप घेऊन ते बघायला उभा राहिला होता. ह्यांची कळी खुलली होती. मग त्यांनी ग्रिल मांडलं, कोळशाची पिशवी फोडली, आणि एवढ्यात मैदानाचा रखवालदार सायकलवरून आला.

"निखारे चालणार नाहीत साहेब."

"का?"

"गवत बघताय ना? वाळून खडखडीत झालंय. मागच्या वर्षी पलीकडचा सगळा उतार जळाला. पाऊस पडेपर्यंत कोळसा, लाकूड सगळं बंद. गॅस चालेल."

"सगळीकडेच असं आहे?"

"ह्या भागात सगळीकडे. दाराशी पाटी लावलीये की."

पाटी ह्यांनी बघितली नव्हती, कुणीच बघितली नव्हती. रखवालदार गेला. लेकीने कोळशाची फोडलेली पिशवी पुन्हा बांधून टाकली. नात सोललेली कणसं घेऊन उभी होती. शेजारच्या गृहस्थाने सगळं ऐकलं होतं. त्याने आपल्या ग्रिलकडे हात केला. "आमच्या गॅसवर भाजून घ्या हो. मोकळंच आहे."

लेक आणि नात कणसं, बटाटे, मासे घेऊन तिकडे गेल्या. हे खुर्चीतून उठले नाहीत. पण त्यांची नजर त्या ग्रिलवरून हलत नव्हती. नात पुढे झुकली की हेही खुर्चीत पुढे व्हायचे. एकदा तर "लांबून, लांबून!" असे मोठ्याने ओरडले. सगळे वळून बघायला लागले, तसे ते ओशाळून खुर्चीत मागे टेकले.

जेवणं झाल्यावर लेक नातीला घेऊन पाण्याकडे गेली. आम्ही दोघंच उरलो.

"पुढच्या वेळी लेकीने गॅसचं घ्यावं," हे म्हणाले. "तुम्ही तिघी जात जा. मी घरी थांबतो."

"घरी कशाला?"

"घराकडे बघायला कुणीतरी नको का?"

"घराला काय धाड भरलीये? ते कुठे पळून जातंय?"

मला असा राग आला म्हणून सांगू! एवढी वर्षं वाट पाहिली, अंगणात लोळून त्या ट्रेलरचा नट न् नट बदलला, आणि आता हे घराकडे बघणार. हे आले नाहीत तर मीही जाणार नव्हते, हे उघड होतं. म्हणजे ट्रेलर अंगणात उभा राहणार, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे खिडकीतून बघत बसणार. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की अहो, मला सगळं माहीत आहे. पण मी बोलले असते तर त्यांनी मान हलवली असती, विषय संपवला असता, आणि माझ्याशी त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नसते. एवढा तर मी त्यांना ओळखते. मी ताटं गोळा केली आणि जरा आदळतच धुतली.

घरी आल्यावर लेकीने ग्रिल बदलून आणायचं ठरवलं. त्यात कोळसा पडलाच नव्हता, खोकंही होतं. "चला बाबा, तुमच्याशिवाय मला त्यातलं काय कळणार," असं म्हणत तिने ह्यांना गाडीत बसवलं. मी मागे बसले.

दुकानातल्या बाईंनी आम्हाला ओळखलं. "काय काका, नाही जमलं कोळशाचं?"

"जमणारच नव्हतं," लेक म्हणाली. "ते गॅसचंच द्या."

बाईंनी तेच पहिलं ग्रिल आणून ठेवलं. ह्यांनी ह्या वेळी झाकण उघडलं नाही, पाय हलवले नाहीत. नुसते उभे राहिले. बाई लेकीला समजावत होत्या, "अगदी सोपं आहे. नळी लावली की काम झालं. कुठे वास आला तर तेवढं बंद करायचं. बाकी काही बघायला नको."

"मला वास येत नाही," हे म्हणाले.

ट्रेलरची रुंदी सांगावी तशा आवाजात म्हणाले. बाईंना वाटलं, त्यांना आत्ता, दुकानात वास येत नाहीये. "आत्ता नाही हो काका, जोडल्यावर."

"जोडल्यावरही येणार नाही. थंडीत ताप आला होता, तेव्हापासून काहीच येत नाही. डॉक्टरांना दाखवलं. आला तर येईल म्हणाले, नाही तर नाही." डॉक्टरकडे कधी जाऊन आले होते कोण जाणे, मला त्याचाही पत्ता नव्हता. "तेव्हा मला त्या हिशेबाने ग्रिल दाखवा."

"बाबा?" लेक म्हणाली.

ह्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं, असं मला वाटतं.

"हे नको," त्यांनी समोरच्या ग्रिलवर हात ठेवला. "ह्याला स्वतःचा रेग्युलेटर आहे. ट्रेलरच्या तोटीतून गॅस येतो तो आधीच दाब कमी करून येतो. दोनदा दाब कमी झाला की ज्योत मरतुकडी होते, आणि ज्योत का मरतेय म्हणून माणूस चाव्या पिळत बसतो. बिनरेग्युलेटरचं द्या. नळी लांब द्या, ट्रेलरच्या खिडकीपासून दूर मांडता आलं पाहिजे. चावी अशी हवी की उघडी आहे का बंद, ते चार पावलांवरून डोळ्यांना दिसेल."

"आत गळतीचा अलार्म लावून घ्या काका, म्हणजे काळजी नको," बाई म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज बदलला होता.

"लावलाय. साबणाचं पाणीही लावीन. पण साबण ज्या सांध्याला लावला त्याचंच सांगतो. पोर झोपलीये आणि भलतीकडूनच काही सुटलंय, हे पहिल्यांदा नाकाला कळतं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि जोडणी अशी हवी की हिच्या हाताला जमेल."

"माझ्या?" मी म्हटलं.

"मग कुणाच्या? तुला येतो वास."

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "खाली बाईंकडे तुला दारातच आला होता. उकडतंय म्हणून खिडकी उघडलीस. बाहेर गारठा होता आणि तू शाल गुंडाळून आली होतीस."

म्हणजे मी इतके दिवस ह्यांच्यापासून जे लपवत होते ते ह्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. दोघंही एकाच घरात एकमेकांना सांभाळून घेत बसलो होतो. मला एकदम रडूच आलं. भर दुकानात, तंबू आणि पाण्याच्या बाटल्यांच्या मधे उभी राहून मी नाक पुसत होते. लेकीने तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या टॉर्चकडे निरखून बघायला लागली. मग तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "आधी सांगायचं नाही का बाबा?"

"आत्ता सांगितलं ना," हे म्हणाले.

बाई समजूतदार होत्या. त्यांनी आतून आणखी दोन ग्रिलं आणली आणि जोडणी करून बघायला एक सुटी तोटी मेजावर घट्ट बसवली. पहिल्या ग्रिलची नळी मला दाबताच येईना. दुसऱ्याच्या नळीला कडं होतं. ते मागे ओढायचं, नळीचं तोंड तोटीत दाबायचं आणि खट् आवाज आला की कडं सोडायचं. दोनदा माझ्या हातून ते निसटलं. हे शेजारीच उभे होते. एरवी त्यांनी नळी माझ्या हातातून कधीच काढून घेतली असती, "राहू दे, तुझं काम नाही" म्हणून. आता त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. तिसऱ्या वेळी खट् वाजलं.

"ओढून बघ," ते म्हणाले.

मी ओढलं. नळी निघाली नाही.

"हे द्या," ह्यांनी बाईंना सांगितलं.

घरी आलो तर जिन्यातच शिक्षिकाबाई, आणि त्यांच्याबरोबर त्यांची कुणी मैत्रीण. ह्यांच्या हातात खोकं होतं, पळायला वाव नव्हता. बाई मैत्रिणीला म्हणाल्या, "हेच ते काका. हे होते म्हणून मी आज—"

"बाई," हे म्हणाले, "त्या दिवशी वास हिला आला होता. मला नाही आला. मला येतच नाही आता. पुन्हा कधी शंका आली तर हिला बोलवा."

बाई गोंधळल्या. "अगं बाई! मग काका, तुम्ही गुडघ्यांवर कशाला बसलात?"

"सवयीने," हे म्हणाले, आणि खोकं घेऊन जिना चढून गेले.

पुढचे काही दिवस माझी शिकवणी चालली. अंगणात ट्रेलरच्या तोटीला नळी जोड, काढ, पुन्हा जोड. आधी ट्रेलरचा सिलिंडर बंद आहे ना बघ, मग चावी बंद आहे ना बघ, मग जोड, मग फेस लाव. शिक्षक म्हणून हे फारच कडक निघाले. "झालं" म्हटलं की "काय झालं?" विचारायचे, आणि मला सगळं पहिल्यापासून म्हणून दाखवावं लागायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "एक्स्चेंजमध्ये एवढ्या तारा जोडल्या, कुणी इतकं छळलं नाही." ते म्हणाले, "चुकीची तार जोडलीस तर भलतंच माणूस बोलायचं. इथे तसं नाही." मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.

शाळेला सुट्टी लागली तसे आम्ही चौघं पुन्हा निघालो. ह्या वेळी जागा डोंगराच्या पायथ्याशी होती. वीज नव्हती आणि आसपास दुसरा ट्रेलरही नव्हता. ह्यांनी ट्रेलर सपाट केला आणि वारा कुठून येतोय ते बघून ग्रिल मांडायची जागा दाखवली. तेवढंच. मग लेकीने बटाटे चिरून, मासे पुसून ताट तयार केलं आणि ते ह्यांच्या हातात दिलं.

मी सिलिंडर बंद असल्याचं पाहिलं. चावी पाहिली. कडं ओढलं, नळी दाबली, खट् झालं, ओढून पाहिलं. सिलिंडर उघडला. फेस लावला आणि वाट पाहिली. फुगा आला नाही. मग खाली वाकून नळीजवळ, तोटीजवळ, जमिनीजवळ वास घेतला. सुकलेलं गवत, नवं रबर, ताटातले मासे. डोळ्यांनी बघायचं ते ह्यांनाही दिसत होतं, पण वास घ्यायचं हे एक काम आता माझं एकटीचं होतं, आणि मला त्याची भीती वाटत होती.

"पेटवू का?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस?" हे म्हणाले.

आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. मी पुन्हा एकदा वाकले आणि सावकाश वास घेतला. काही नव्हतं.

"मागे व्हा सगळे," मी म्हटलं.

लेक मागे झाली. नात मागे झाली. हे ताट घेऊन उभे होते, तेही मोजून दोन पावलं मागे सरले आणि मी कधी चावी फिरवते त्याची वाट बघत उभे राहिले.